वालाला राख की बाटली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गिरगाव-दादरच्या स्वयंपाकघरांत वालाचे बिरडे आवडीने होते, परंतु तो वाल येतो कसा याची चर्चा आपल्याकडे क्वचितच होते. रायगड जिल्ह्यात भातकापणी झाल्यावर त्याच खाचरात जमिनीच्या अंगओलाव्यावर वाल पेरला जातो. त्याला स्वतंत्र पाणी मिळत नाही, आणि ओल लवकर आटली की नेमकी फुलोऱ्यात फूलगळ होऊन शेंगा पोचट राहतात. आमच्या घरच्या शेतीतही हे अनेकदा घडले. गेल्या हंगामात माझ्या चुलतभावाने तालुक्याच्या एका दुकानातून सिलिकॉनयुक्त फवारणीची बाटली आणली. ‘पाण्याची गरज निम्म्यावर येते’ असे त्याला तिथे सांगण्यात आले होते. हा दावा कोणत्या पिकावर, कोणत्या जमिनीत तपासला, याचे उत्तर मात्र दुकानदाराकडे नव्हते. त्या निमित्ताने हे पत्र.

सिलिकॉनचा उपयोग खोटा नाही. झाडाची मुळे ते सिलिसिक आम्लाच्या रूपात शोषतात. पेशीभित्तिकांत आणि पानाच्या बाह्यत्वचेखाली त्याचा थर साचतो, त्यामुळे पानावाटे उडून जाणारे पाणी काहीसे रोखले जाते. पाण्याच्या ताणाच्या काळात पेशींची हानी रोखणाऱ्या विकरांनाही (एन्झाइम्सनाही) त्याने बळ मिळते, असे दिसून आले आहे. घेवड्यावरील प्रयोगांतही ताणाखालच्या झाडांच्या पानांत पाणी अधिक टिकल्याच्या नोंदी आहेत. परंतु भात हे सिलिकॉन अक्षरशः ओढून घेणारे पीक आहे. त्याच्या सुक्या वजनात ते दहा टक्क्यांपर्यंत आढळते, आणि त्यासाठी मुळांत काम करणारे जनुक जपानी संशोधकांनी २००६ मध्ये शोधले. शेंगवर्गीय पिके त्या मानाने फारच थोडे घेतात. म्हणूनच भातावरचा अनुभव वालावर जसाच्या तसा लादणे योग्य नाही. शिवाय सिलिकॉन पाणी निर्माण करीत नाही. फार तर असलेली ओल झाडाला आणखी काही दिवस पुरते. फुलोऱ्यात तेवढ्या दिवसांचेही मोल असते, हे मात्र मान्य करायला हवे.

आता सिलिकॉनचा घरचा स्रोत असलेल्या भाताच्या तुसाच्या राखेविषयी. एक क्विंटल भात भरडल्यावर सुमारे २० किलो तूस निघते, ते जाळल्यावर साधारण चार किलो राख उरते आणि तिचा बहुतांश भाग सिलिकाच (सिलिकॉन व ऑक्सिजन यांचे संयुग) असतो. अतिपावसाने जांभ्या जमिनीतील सिलिका झिजून जाते (जांभा तयार होतो तोच मुळी या झिजेतून), आणि भाताने तिथून उचललेले सिलिकॉन तुसाबरोबर गिरणीच्या आवारात जाऊन पडते! अर्थात राख म्हणजे रामबाण नव्हे. फार तापून पांढरी पडलेल्या राखेतील सिलिका स्फटिकरूप होऊन सहज विरघळत नाही. मंद आचेवर जळालेली करडी राख त्यापेक्षा उपयुक्त. तीही सावकाश विरघळते, त्यामुळे वाल पेरताना टाकण्याऐवजी चिखलणीच्या वेळी, म्हणजे भातलावणीआधी चिखल करताना, खाचरात मिसळणे मला अधिक सयुक्तिक वाटते. मग भाताने घेऊन उरलेले वालाला किती मिळते, हे मोजूनच ठरवावे लागेल.

दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने हा प्रयोग शेतकऱ्यांच्या खाचरांत, किमान तीन हंगाम करावा, अशी माझी विनंती आहे. बाजारातील अनेक फवारण्या पोटॅशियम सिलिकेटच्या असतात आणि पालाश (पोटॅशियम) स्वतःच पिकाला ताण सोसायला मदत करते. राखेतही थोडे पालाश असतेच. त्यामुळे एका वाफ्यात नुसते पालाश, एकात फवारणी, एकात करडी राख आणि एकात काहीच नाही, अशी तुलना झाल्याशिवाय श्रेय कोणाचे हे कळणार नाही. उत्पन्नाबरोबर एकरी खर्चही मांडावा, आणि निष्कर्ष भातलावणीपूर्वी कृषी विभागाच्या गावपातळीवरील कर्मचाऱ्यांमार्फत गावोगावी पोहोचवावेत. तोपर्यंत ‘पाण्याची गरज निम्मी’ असे सांगून बाटल्या विकणाऱ्यांकडून कृषी विभागाने या दाव्याचा पुरावा लेखी मागवावा.

आपला,
एक वाचक, दादर, मुंबई