जिमी फंडासाठी आवाहन: देणगी द्या, पण थेट फंडाकडे

सप्रेम नमस्कार,

बॉस्टनच्या डेना-फार्बर कर्करोग संस्थेसाठी पैसा उभा करणाऱ्या यंदाच्या जिमी फंड वॉक या पदयात्रेत आपल्या मंडळाचा संघ उतरतो आहे. देणग्या हव्या आहेत, चालणारे हवे आहेत आणि प्लेटलेट्स देणारेही हवे आहेत. बॉस्टनकरांना हे नाव रेड सॉक्स या बेसबॉल संघामुळे ऐकून माहीत असतं, पण त्यामागची हकीकत सगळ्यांना ठाऊक नसते. म्हणून आधी थोडा इतिहास.

१९४७ च्या सुमारास बॉस्टनच्या चिल्ड्रन्स हॉस्पिटलमधले पॅथॉलॉजिस्ट डॉ. सिडनी फार्बर ल्यूकेमियावर, म्हणजे रक्ताच्या कर्करोगावर, औषध शोधत होते. तीव्र ल्यूकेमिया झालेलं मूल तेव्हा काही आठवड्यांत, फार तर महिन्यांत दगावायचं. फॉलिक आम्लाच्या गटातली द्रव्यं दिल्यावर काही मुलांचा रोग उलट बळावतो, असं फार्बरांना दिसलं. मग फॉलिक आम्लाची वाट अडवली तर? तसं द्रव्य, अमिनोप्टेरिन, त्यांना लेडर्ले या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेतून मिळालं. तिथल्या संशोधनाची धुरा होती आंध्रातल्या भीमावरमच्या डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे. हार्वर्डमध्ये उमेदीची वर्षं घालवूनही त्यांना तिथे कायमची जागा मिळाली नव्हती. (आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत हे नाव अजूनही पुरेसं दिसत नाही.) जून १९४८ मध्ये निष्कर्ष छापून आले: १६ मुलांपैकी १० जणांचा रोग मागे हटला. सुधारणा तात्पुरती होती, रोग पुन्हा उलटला. तरी औषधाने ल्यूकेमिया हटतो, हे दिसलं होतं.

छपाईच्या १२ दिवस आधी, २२ मे १९४८ रोजी, पैशाची सोय झाली. नाट्य-सिनेमा व्यवसायातल्या मंडळींच्या व्हरायटी क्लब ऑफ न्यू इंग्लंडने राल्फ एडवर्ड्स यांच्या रेडिओ कार्यक्रमात फार्बरांचा एक १२ वर्षांचा रुग्ण आणला. खरं नाव झाकायचं म्हणून त्याला ‘जिमी’ म्हटलं. बॉस्टन ब्रेव्ह्ज या बेसबॉल संघाचे खेळाडू त्याच्या खाटेपाशी आले आणि संशोधनासाठी २०,००० डॉलर जमले तर त्याला सामने बघायला टीव्ही मिळेल, असं आवाहन झालं. जमले २,३१,००० हून जास्त. लिटल लीगची, म्हणजे मुलांच्या बेसबॉल संघांतली, पोरं डबे घेऊन फिरली. १९५२ मध्ये जिमी फंडाची इमारत उघडली. १९५३ मध्ये ब्रेव्ह्ज मिलवॉकीला गेले, तेव्हा रेड सॉक्सनी हे काम उचललं. तो मुलगा, आयनर गुस्ताफसन, बरा होऊन मोठा झाला, ट्रक चालवू लागला आणि १९९८ मध्ये लोकांसमोर आला.

आज अमेरिकेत मुलांच्या कर्करोगात ५ वर्षं जगण्याचं प्रमाण ८५ टक्क्यांच्या आसपास आहे. मग अजून पैसा कशाला? एक तर हे प्रमाण सरासरीचं आहे. मेंदूच्या देठातल्या डीआयपीजी गाठीत निदानानंतर निम्मी मुलं वर्षभरही जगत नाहीत. दुसरं, वाचलेल्या मुलांना औषधांची किंमत पुढे मोजावी लागते. डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचं औषध हृदयाला इजा करतं. सोबत डेक्स्राझॉक्सेन दिलं तर ती इजा कमी होते, हे बॉस्टनच्याच ल्यूकेमिया गटाच्या चाचणीतून पुढे आलं. अशा चाचण्या स्वस्तात होत नाहीत. एकेका आजाराची मुलं कमी, म्हणून अनेक इस्पितळं जोडावी लागतात. नमुने साठवावे लागतात, नोंदी ठेवणारी माणसं लागतात, आणि मुलांना वर्षानुवर्षं तपासत राहावं लागतं. सरकारी अनुदान मागायला जावं तर प्राथमिक निष्कर्ष हातात लागतात. ते मिळवण्याचा पहिला खर्च देणगीतून निघाला तर बरं.

आता व्यवहाराचं. देणगी संघाच्या अधिकृत पानावरूनच द्या. स्वयंसेवकाच्या खात्यावर झेल (Zelle) या बँक-हस्तांतर सेवेने पैसे पाठवू नका. तसं केलं की पावती स्वयंसेवकाच्या नावे निघते, तुम्हाला करसवलत मिळत नाही आणि तुमच्या कंपनीची जोडदेणगीही (तुमच्या देणगीच्या जोडीला कंपनी घालते ती रक्कम) बुडते, कारण कंपनी कर्मचाऱ्याच्या नावची पावती मागते. जोडदेणगीचा अर्ज त्याच आठवड्यात भरा. वर्षअखेरीस भरू म्हणणाऱ्यांचा बहुधा राहून जातो. २५० डॉलर किंवा जास्त असतील तर संस्थेची लेखी पोच जपून ठेवा. बँकेचा उतारा पुरत नाही. जिमी फंडाचा पैसा डेना-फार्बरमध्ये मुलांच्या आणि मोठ्यांच्याही कर्करोगासाठी वापरला जातो. फक्त बालकर्करोग संशोधनाला द्यायचं असेल तर तसा उद्देश देतानाच नोंदवा. भारतातल्या नातेवाइकांना मात्र गळ घालू नका, त्यांना ८०-जीची सवलत यावर मिळत नाही.

मंडळाच्या भोजनाच्या तिकिटात यंदा देणगी मिसळलेली नाही, कारण जेवणाची किंमत वजा करूनच सवलत मिळते आणि तो हिशेब कुणी ठेवत नाही. सोडतही नाही. तिला नगर कार्यालयाचा परवाना लागतो.

चालणाऱ्यांसाठी: हॉपकिंटनपासूनचं पूर्ण अंतर मॅरेथॉनच्याच मार्गाने २६.२ मैल आहे. ताशी ३ मैल धरले तरी पावणेनऊ तास लागतात, थांबे वेगळे. न्यूटनचे चढ १६ मैलांनंतर, म्हणजे पाय थकल्यावर येतात. नवख्यांनी वेल्स्लीपासूनचं अर्धं अंतर घ्यावं. नवे बूट आणि सुती मोजे टाळा. घामाने भिजलेला सुती मोजा फोड आणतो.

प्लेटलेट्स केमोवरच्या मुलांना वारंवार लागतात आणि त्या जेमतेम ५ ते ७ दिवस टिकतात. द्यायला सुमारे २ तास मोडतात. आधीचे ४८ तास अ‍ॅस्पिरिन नको. भारतवारीहून नुकतेच आलेल्यांना मलेरियाच्या नियमामुळे साधारण ३ महिने थांबावं लागतं आणि भारतातून नव्याने स्थायिक झालेल्यांना ३ वर्षं. हेलपाटा नको म्हणून आधी केंद्राला फोन करा आणि परतीची तारीख सांगा.

संघात नाव नोंदवायचं असेल तर मंडळाच्या ईमेलवर अंतर आणि बरोबर येणाऱ्या मुलांची वयं कळवा.

आपले,
कार्यकारिणी