पेटी न्यायला आलेल्या काकांना

प्रिय काका,

मे महिन्यात तुम्ही देवगडला आमच्याकडे आंब्याच्या दोन पेट्या न्यायला आलात आणि चहा गार होईस्तोवर माझ्या लॅपटॉपसमोर बसून राहिलात. मुंबईची गाडी गाठायची होती तुम्हाला, त्या गडबडीत धड आभारही मानता आले नाहीत.

ऑर्डरींचा डेटाबेस मीच एसक्यूलाइटमध्ये (एका फाइलीत मावणारा साधा डेटाबेस) केलेला. ग्राहकांच्या टेबलची प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक नोंदीची वेगळी ओळख, होती मोबाइल नंबर. तेव्हा फार हुशारी वाटली होती. मग पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने नंबर बदलला आणि ठाण्याच्या सासू-सुना एकाच नंबरवरून वेगवेगळ्या पेट्या मागवू लागल्या. म्हटलं, प्रत्येकाला साधा क्रमांक देऊ. एसक्यूलाइटमध्ये प्रायमरी की जागच्या जागी बदलता येत नाही. नवं टेबल करायचं, नोंदी त्यात उतरवायच्या, जुनं काढून टाकायचं आणि नव्याला जुन्याचं नाव द्यायचं. तसंच केलं. ग्राहक सगळे जागेवर, ऑर्डरी शून्य!

तुम्ही पहिलं विचारलंत, "कॉपी काढलीस?" आदल्या रात्रीची पेनड्राइव्हवर होती, नशीब. (इथे लाइटच्या भरवशावर कोण राहतं?) मग माझी फाइल वाचून तुम्ही पहिल्या दोन ओळींवर बोट ठेवलंत. फॉरेन की (प्रत्येक ऑर्डर तिच्या ग्राहकाशी बांधणारा दुवा) बंद करणारी प्राग्माची, म्हणजे सेटिंगची, ओळ मी ट्रान्झॅक्शन सुरू करणाऱ्या 'बिगिन'च्या खाली लिहिली होती. ट्रान्झॅक्शन (सगळे बदल एकदमच पक्के करायचा गठ्ठा) सुरू झाल्यावर ती ओळ काही करतही नाही आणि एररही देत नाही, गप्प बसते. फॉरेन की चालूच राहिल्या. अशा वेळी टेबल ड्रॉप करताना एसक्यूलाइट आधी त्यातल्या नोंदी पुसतं, आणि 'ऑन डिलीट कॅस्केड' (ग्राहक पुसला की त्याच्या ऑर्डरीही पुसायच्या) मीच लावलेलं, म्हणून त्यांच्यामागून अख्ख्या सीझनच्या ऑर्डरी गेल्या. दोन दिवस मी कॉपी करणाऱ्या ओळींतच चूक शोधत होते.

प्राग्माची ओळ 'बिगिन'च्या वर नेली. जुनी टेबलं टाकण्याआधीच मोबाइल नंबर जुळवून ऑर्डरींच्या नव्या टेबलात ग्राहक क्रमांक भरून घेतला. तुटलेले दुवे शोधणारा फॉरेन की चेक रिकामा आला तरच कमिट, म्हणजे बदल पक्के, हे तुम्ही दोनदा बजावलंत. तो रिकामाच आला.

मी आत कॉम्प्युटरशी झटापट करत असताना मामंजींनी तुमच्याकडून पेट्यांचे पैसे घेतले, हे मला नंतर कळलं. फार ओशाळले. गणपतीला गावी याल तेव्हा घरी या, फणसाची साटं तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवली आहेत.

तुमची,
देवगडची सूनबाई