‘पुढच्या वेळी आईला घेऊन या’ : महिला व बालविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, महिला व बालविकास,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

स. न. वि. वि.

मी एस.टी.चा निवृत्त कंडक्टर. पस्तीस वर्षं तिकिटं फाडली. एक तिकीट हिशेबात कमी भरलं तर रात्री डोळ्याला डोळा लागायचा नाही, त्यामुळं सरकारी कागदाची किंमत मला कुणी सांगायला नको. पण गेल्या मंगळवारी जिल्ह्याच्या ठिकाणी तुमच्या खात्याच्या कार्यालयात माझ्या नातवासमोर एक वाक्य बोललं गेलं. त्यासाठी हे पत्र लिहितोय.

नातवाचं नाव लिहीत नाही. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख छापू नये असं बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ मध्ये आहे. त्या दिवशी व्हरांड्यात मात्र त्याचं नाव आडनावासकट, पुढं ‘आई मयत’ असं जोडून, तीन वेळा पुकारलं गेलं. चाळीस माणसांनी वळून त्याच्याकडं पाहिलं. तो माझ्या धोतरामागं लपला.

माझी मुलगी २०२३ च्या श्रावणात डेंग्यूनं गेली. आठ दिवसांत होत्याचं नव्हतं झालं. नातू तेव्हा साडेतीन वर्षांचा होता. जावई ट्रकवर असतात, महिना महिना गुजरातेत, म्हणून पोर आमच्याकडं, आजोळी. बालसंगोपन योजनेत त्याला महिन्याला २,२५० रुपये मंजूर आहेत. मंजूर आहेत, हातात पडतात असं म्हणत नाही; मागचा हप्ता आठ महिन्यांनी जमा झाला. दरवर्षी नूतनीकरण करायचं आणि त्यासाठी मुलाला घेऊन हजर राहायचं, असं आम्हाला सांगितलंय.

पहाटे साडेपाचच्या गाडीनं निघालो. पाच वर्षं पूर्ण झाल्यामुळं यंदा त्याचं पहिल्यांदा हाफ तिकीट काढलं. स्वतःचं तिकीट मिळाल्याचा त्याला केवढा अभिमान! चार तास ते मुठीत धरून बसला होता. साडेनऊपासून दुपारी अडीचपर्यंत आम्ही व्हरांड्यात. एकच बाकडं, बहुतेक सगळ्या विधवा बाया, मांडीवर पोरं. नंबर आला. टेबलामागच्या माणसानं फाइल उघडली आणि मान वर न करता म्हणाला, “अर्जावर आईची सही नाही. पुढच्या वेळी आईला घेऊन या.”

मी मृत्यूचा दाखला पुढं केला. सलग तिसऱ्या वर्षी तोच दाखला. त्यानं बघितला, “बरं, बरं” म्हणाला. मग उत्पन्नाचा दाखला जुना झालाय म्हणून पुढची तारीख दिली आणि पुढचं नाव पुकारलं.

परतीच्या गाडीत पोर तासभर खिडकीतून बाहेर बघत होतं. मग म्हणालं, “आबा, पुढच्या वेळी आई येणार ना?”

मंत्रिमहोदय, या एका वाक्यानं काय मोडलं हे तुम्हाला कळावं म्हणून मागचं थोडं सांगतो.

मुलगी गेली तेव्हा आम्हीच चुकलो. पहिले काही दिवस त्याला सांगितलं, आई दवाखान्यात आहे. मग बायका म्हणाल्या, आई देवाघरी गेली. त्याची आजी रात्री अंगणात नेऊन तारा दाखवायची. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला तेव्हा कुणीतरी त्याला कडेवर घेऊन म्हणालं, बघ, आई आली जेवायला. एका आईचे आम्ही त्या लेकराला चार पत्ते दिले आणि ते चारही ठिकाणी तिला शोधत राहिलं. रोज सकाळी पोळीचा तुकडा घेऊन कावळ्याला हाक मारायचा, कुणी कावळा हुसकला तर अंगावर धावून जायचा. एकदा मला विचारलं, “आबा, देवाघरची गाडी कुठल्या फलाटावर लागते?” पस्तीस वर्षं लोकांना फलाट सांगितले. त्या दिवशी मला बोलता आलं नाही.

त्यानंतर तो गप्प झाला. रडणं थांबलं, हट्ट थांबला. शेजारी म्हणायचे, किती शहाणं पोर, लवकर सावरलं. आम्हालाही तसंच वाटलं. पुढं मी तालुक्याच्या वाचनालयात बसून वाचायला लागलो तेव्हा अंगावर काटा आला. आईपासून तुटलेलं लहान मूल आधी आकांत करतं, मग खचतं, मग अलिप्त होतं, आणि घरचे त्या अलिप्तपणालाच सावरणं समजतात. जॉन बोल्बी नावाच्या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञानं आईविना वाढणाऱ्या मुलांवर जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला तो १९५१ साली. सत्तर वर्षांहून जास्त झाली. ते ज्ञान आमच्या जिल्ह्याच्या टेबलापर्यंत अजून पोचलेलं नाही.

त्याला बोलतं केलं आमच्या अंगणवाडीच्या बाईंनी. त्यांना याचं कसलंही प्रशिक्षण नाही. लहानपणी त्यांचे वडील गेले होते, एवढंच त्यांचं शिक्षण. अंगणवाडीच्या ओट्यावर एक मेलेली चिमणी पडली होती. बाईंनी त्याला शेजारी बसवलं आणि म्हणाल्या, ही आता उडणार नाही. हिला भूक लागत नाही, दुखत नाही, थंडी वाजत नाही. तुझ्या आईचं शरीर असंच बंद पडलं. आई मेली. ती परत येणार नाही.

‘मेली’ हा शब्द ऐकून माझी बायको उठून आत गेली. मलाही राग आला होता. पण पोरानं पहिल्यांदा तोंड उघडलं. विचारलं, “मी औषध सांडलं म्हणून?”

आईच्या आजारपणात त्याच्या धक्क्यानं औषधाची बाटली कलंडली होती. कुणीतरी ओरडलं होतं त्याच्यावर, कदाचित मीच. सात महिने साडेतीन-चार वर्षांचं लेकरू आपण आईला मारलं असं मनात धरून झोपत होतं, आणि आम्ही त्याला शहाणं म्हणत होतो. या वयाची मुलं असंच समजतात. आपण रागावलो, आपण सांडलं, आपण ऐकलं नाही, म्हणून आई गेली. त्यांना ते आपणहून विचारता येत नाही. कुणीतरी स्पष्ट सांगावं लागतं की तुझ्यामुळं नाही. ‘आई झोपली’ म्हटलं तर ती झोपायला घाबरतात. ‘देवानं नेली’ म्हटलं तर देवाला घाबरतात. साधं, खरं बोलावं लागतं, आणि तेच उत्तर त्याच शब्दांत पन्नास वेळा द्यावं लागतं. बाईंनी ते दिलं. महिनाभर रोज.

दोन वर्षांच्या त्या मेहनतीवर त्या मंगळवारी तीन सेकंदांत पाणी फिरलं. आता तो रोज विचारतो. अंथरूण ओलं करायचं थांबला होता, ते पुन्हा सुरू झालंय. तिची एक ओढणी आहे, आजी ती धूत नाही, वास जाईल म्हणून. ती त्यानं घडी घालून पिशवीत ठेवलीय. आईला द्यायला.

माझं काय झालं हे मला कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. पोटच्या मुलीच्या मृत्यूच्या नोंदीवर बापानं सही करायची, ती मी केली. त्यानंतर त्या दाखल्याच्या किती झेरॉक्स काढल्या मोजल्या नाहीत. तलाठी, तहसील, बँक, शाळा. प्रत्येक टेबलावर ती पुन्हा मरते. मी कडक माणूस होतो, चालत्या गाडीत भांडणं सोडवलीत. आता झेरॉक्सच्या दुकानात यंत्राचा उजेड त्या कागदाखालून सरकतो तेव्हा मी रस्त्याकडं तोंड करून उभा राहतो.

आणि हा दाखला परत परत मागता तरी कशाला? जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा २०२३ साली सुधारला, १ ऑक्टोबर २०२३ पासून तो लागू झाला, सगळ्या देशाची नोंद संगणकावर ठेवायची असं त्यात ठरलं. माझी मुलगी मेलीय हे सरकारला माहीत आहे. ती दरवर्षी नव्यानं मरत नाही. मग दरवर्षी तिच्या लेकराला साक्षीला का उभं करता?

लाडकी बहीण योजना तुमच्याच खात्याची ना? २०२४ च्या जुलैपासून काही आठवड्यांत कोट्यवधी बायांचे अर्ज मोबाइलवर भरून घेतले. वर्षाला ४६,००० कोटींची तरतूद जाहीर केली. बायांना पैसे मिळाले, चांगलं झालं, माझ्या सुनेलाही मिळतात. पण जे खातं मोबाइलवर एवढं करू शकतं, त्याला पाच वर्षांच्या पोराची चार तासांची खेप वाचवता येत नाही, हे मी कसं मानू? त्याच्या बालसंगोपनाचे दिवसाला ७५ रुपये होतात. केंद्राच्या मिशन वात्सल्य या बाल संरक्षण योजनेत महिन्याला ४,००० आहेत. एकाच देशातल्या दोन पोरक्या लेकरांचे दोन भाव का, हेही एकदा सांगा.

कोरोनात आई-बाप दोन्ही गेलेल्या मुलांसाठी राज्यानं ५ लाखांची ठेव ठेवली. केंद्रानं १० लाख ठेवले, ते वयाच्या २३ व्या वर्षी मिळणार. पैसा लागतोच, मी नाही म्हणत नाही. पण तीन वर्षांचं पोर रात्री दोनला आई म्हणून उठतं, त्या रात्रीसाठी काय ठेवलंत? आम्हाला गेल्या वर्षी सांगितलं होतं की समुपदेशक घरी येतील. कागदावर लिहून दिलं होतं. वर्ष उलटून गेलं, कुणी फिरकलं नाही.

आमच्या गल्लीत दोन बहिणी आहेत. एक सहा वर्षांची, एक नऊ. बापानं औषध घेतलं. शेतकऱ्याच्या आत्महत्येला १ लाखाची मदत, ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत, हा हिशेब २००६ पासूनचा आहे. पण जमीन आजोबांच्या नावावर निघाली आणि प्रकरण अपात्र ठरलं. धाकटीनं मला विचारलं, “आबा, अपात्र म्हणजे काय?” शाळेत कुणीतरी तिला म्हणालं होतं, तुझा बाप अपात्र आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२२ या एका वर्षात महाराष्ट्रात ४,२४८ शेतकरी-शेतमजुरांनी जीव दिला असं आहे. त्यांच्या मागं घरात किती लहान पोरं उरली, हा आकडा कुठल्या रकान्यात असतो? बाल न्याय कायद्याच्या कलम ३ मध्ये लिहिलंय की मुलाच्या बाबतीत त्याला कमीपणा आणणारी भाषा वापरू नये. त्याच कायद्याच्या २०१६ च्या आदर्श नियमांत बाल कल्याण समितीच्या सदस्यांनी मुलापेक्षा उंच मंचावर बसू नये, इथपर्यंत लिहिलंय. कायदा लिहिणाऱ्याला लेकरू दिसलं होतं. राबवणाऱ्याला फाइल दिसते.

मेलेल्यांचं सोडा, जिवंत आईबापांचं बघा. आमचा हा ऊसतोडीचा मुलूख. दिवाळीनंतर टोळ्या निघायच्या तेव्हा पहाटेच्या पहिल्या गाडीवर मी ते बघितलंय. आईबाप रात्रीच ट्रॅक्टरमध्ये बसून गेलेले. लेकरू झोपलेलं असतानाच जायचं, म्हणजे रडत नाही. उजाडल्यावर ते पोर आजीचा हात सोडून स्टँडवर धावत यायचं आणि प्रत्येक गाडीत चढून बघायचं. मी त्याला हाताला धरून खाली उतरवायचो आणि बेल मारायचो. किती वेळा मारली असेल! तेव्हा गाडीची वेळ महत्त्वाची वाटायची. आज वाटतं, त्या आईला कुणीतरी सांगायला हवं होतं की बाई, त्याला उठव, सांगून जा, रडू दे, होळीनंतर येईन म्हण. रडून वेगळं झालेलं मूल वाट बघतं. न सांगता सोडलेलं मूल पुढं कुणावरच भरवसा ठेवत नाही. माझा जावई आता जाताना पोराला सांगून जातो, त्याच्या हातात आपला रुमाल देऊन जातो. हेही आम्हाला अंगणवाडीच्या बाईंनीच शिकवलं.

त्या बाईंना तुम्ही काय देता? मोबाइल दिला. त्यात वजन भरायचं, उंची भरायची, आहार भरायचा. मुलाची आई मेली तर ते भरायला जागा नाही. १९७५ पासून अंगणवाड्या आहेत, राज्यात लाखाच्या वर आहेत. गावात मूल पोरकं झालं की ते सगळ्यात आधी या बाईंना कळतं. सगळ्या बाईंना दोन दिवस बसवून एवढं शिकवा, की मूल कसं दुःख करतं आणि त्याच्याशी काय बोलायचं, काय बोलायचं नाही. नूतनीकरणाला मुलाला बोलावणं बंद करा. खात्याचा माणूस घरी येऊन बघून जाऊ दे, मूल त्याच्या अंगणात खेळत असेल. व्हरांड्यात नाव पुकारू नका, नंबर पुकारा. आणि ज्या टेबलावर पोरकी मुलं येतात तिथल्या माणसानं फाइल उघडण्याआधी एकदा मान वर करून समोर बघावं, असं लेखी परिपत्रक काढा. तोंडी नको. तोंडी आश्वासनाचं काय होतं ते मी पाहिलंय.

पुढची तारीख १८ आहे. उत्पन्नाचा नवा दाखला मी काढून आणलाय. पोराला नेणार नाही असं ठरवलंय, मग त्यासाठी पैसे बंद झाले तरी चालतील. हे अजून त्याला सांगितलेलं नाही. त्यानं तिकीट उशीखाली ठेवलंय आणि काल रात्री विचारत होता, “आबा, येताना आईचं तिकीट तुम्हीच काढाल ना?”

१८ च्या आत उत्तर द्या.

आपला,
एक निवृत्त कंडक्टर,
मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून