अब्राहामाच्या खात्यावरची नोंद

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतल्या धर्मविषयक सदरात यहुदी आणि ख्रिस्ती धर्मांवरचा लेख वाचला. ख्रिस्ताच्या आधीचे यहुदी सुंता, पशुबळी आणि सोवळ्याओवळ्याचे नियम यांच्या जोरावर तारण, म्हणजे पापातून सुटका, मिळवू पाहत होते, विश्वासाने तारण ही गोष्ट ख्रिस्ती धर्माने नव्याने आणली, असा लेखाचा एकंदर सूर. यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याची सुंता झाली म्हणून देवाने त्याला नीतिमान ठरवलं, असंही त्यात आहे. ते वाक्य मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

मी काही धर्मपंडित नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात ३८ वर्षं दिवाणजी होतो. रोजकीर्द, खतावणी, पट्ट्या यांत जन्म गेला. जन्माने ख्रिस्ती, आणि पाळकसाहेबांच्या आग्रहामुळे बरीच वर्षं शब्बाथ शाळेचा एक वर्गही घेतला. तेव्हा जे लिहितोय ते दिवाणजीच्या नजरेनं, असं समजावं.

आधी तारखा. उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या १५ व्या अध्यायात देव अब्राहामाला (तेव्हा तो अब्रामच होता) रात्री बाहेर आणतो आणि म्हणतो, तारे मोजता येतात का बघ, तुझी संतती एवढी होईल. घरात मूल नाही, बायकोचं वय उलटून गेलेलं. तरी तो विश्वास ठेवतो, आणि देव तो विश्वास त्याचं नीतिमत्त्व म्हणून गणतो. पुढच्या अध्यायाच्या शेवटी इश्माएल जन्मतो, तेव्हा अब्राम ८६ वर्षांचा. सुंतेची आज्ञा १७ व्या अध्यायात आहे आणि तेव्हा त्याचं वय ९९. म्हणजे जमेची नोंद आधीची, सुंता निदान १३ वर्षं नंतरची. पुढच्या तारखेच्या पावतीवर मागच्या तारखेची जमा दाखवली असती तर आमच्या दुकानाच्या ऑडिटरनं मला दारातच उभं केलं असतं. ख्रिस्ताचा प्रेषित पौल यानेही रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात नेमका हाच तारखांचा मुद्दा काढलाय. गलतीकरांना तर तो सांगतो की मोशेचं नियमशास्त्र, म्हणजे यहुद्यांचे धर्मनियम, अब्राहामाला दिलेल्या वचनानंतर ४३० वर्षांनी आलं. पौल स्वतः यहुदी, परुशी पंथाचा, नियमशास्त्र कोळून प्यायलेला. तो काही नवीन आणल्याचा दावा करत नाही, जुन्या वहीतलं पान उघडून दाखवतो.

हा प्रश्न माझ्यापुढं पहिल्यांदा आला तो चर्चमध्ये नाही, दुकानात. नोकरीला लागून चार-पाच वर्षं झाली असतील. तासगाव तालुक्यातले एक माळकरी शेतकरी राजापुरी हळदीची पोती घेऊन यायचे. सौदा होईस्तोवर गादीच्या कडेला टेकायचे. एकदा मला म्हणाले, "दिवाणजी, तुमच्या येशूच्या आधी जी माणसं मेली त्यांचं काय वो? ती काय समदी वाया गेली?"

मला उत्तर सुचलं नाही. दोन दिवस डोक्यात तेच. तिसऱ्या दिवशी त्यांच्याच खात्याचं पान समोर होतं आणि उत्तरही तिथंच होतं. हळद काढली, शिजवली, वाळवली, पॉलिश केली की मगच बाजारात येणार. पण पोरीचं लग्न हळदीसाठी थांबत नाही. मग शेतकरी आधी उचल घेतो. माल अजून रानात, भाव कुणाला ठाऊक नाही, तरी पैसे त्याच दिवशी हातात पडतात. पुढं माल विकला की पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, होते, अडत, हमाली, तोलाई वजा होते आणि उचल फिटते. आता सांगा, उचल घेतली त्या दिवशीचे पैसे खोटे होते का? त्याच पैशांवर मांडव पडला, जेवणावळी उठल्या.

त्यांना म्हटलं, आमच्या शास्त्रात असंच आहे. देवाने पूर्वी झालेल्या पापांची सहनशीलतेने उपेक्षा केली, असं रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आहे. म्हणजे क्षमेची उचल आधी दिली, पट्टी पुढं येशूच्या वधस्तंभावर झाली. इब्री लोकांस पत्राच्या ११ व्या अध्यायात हाबेल, हनोख, नोहा, अब्राहाम, सारा, अगदी यरीहोची वेश्या राहाब, यांची यादीच आहे. वचनाचं फळ हाती न येता ही माणसं विश्वासात मेली, पण त्यांनी ते दुरून पाहिलं आणि त्याला वंदन केलं, असं तिथं लिहिलंय. त्यांना येशू हे नाव ठाऊक नव्हतं. वचन देणारा ठाऊक होता.

माळकरी बाबा जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मंजी अडत्या तालेवार पायजे." सगळं मर्म त्यात आलं. उचल मिळते ती शेतकऱ्याच्या पुण्याईवर नाही. पत अडत्याची.

हे उदाहरण मी नंतर कैक वेळा वर्गात वापरलं आणि खूष होतो. पण संपादकसाहेब, एका माणसानं त्यातही खोट काढली. त्या काळी मी मिरजेत जंक्शनजवळ भाड्याच्या खोलीत राहायचो. शेजारी रेल्वेतले एक बेने इस्राएल (मराठी यहुदी) गृहस्थ होते, मूळचे कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातले, आडनावाच्या शेवटी कर, बोली पक्की कोकणी वळणाची मराठी. त्यांचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावोगाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. शुक्रवारी सांजच्याला त्यांच्या घरात दिवा लागायचा आणि मग शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत कशालाही हात नाही.

उचलीचं उदाहरण त्यांना मोठ्या हौसेनं ऐकवलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "उचल कसली? आमच्या देवानं माफ केलं म्हणजे केलं. बाकी पुढच्या सालावर ओढायला तो काय सावकार आहे?"

मग ते मला ओसरीवर बसवून बोलले. यहुदी माणूस तारणाकडं कसं बघतो हे मी एका यहुद्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. ते म्हणाले, मिसरातून, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून, आम्हाला आधी काढलं, आज्ञा नंतर दिल्या. दहा आज्ञांची सुरुवातच बघा: मी तुला मिसर देशातून, दास्याच्या घरातून काढून आणलं. हे आधी. खून करू नको, चोरी करू नको हे त्यानंतर. समुद्र पार करायच्या आधी कुणी आमची परीक्षा घेतली नव्हती. सुटका झाल्यावर त्या घरात कसं नांदायचं, ते म्हणजे नियमशास्त्र. आपल्या पुरवणीतल्या लेखकांनी नियमशास्त्र म्हणजे वर चढायची शिडी समजली आहे. ती घरातली वहिवाट होती.

बळींबद्दलही त्यांनी मला लेवीय पुस्तकात बोट धरून नेलं. पापार्पणं बहुतेक चुकून, नकळत झालेल्या पापांसाठी. मुद्दाम, मस्तीनं केलेल्या पापासाठी गणनाच्या १५ व्या अध्यायात बळीची सोयच ठेवलेली नाही. म्हणून तर दावीद व्यभिचार आणि खून करून बसल्यावर ५१ व्या स्तोत्रात म्हणतो की तुला यज्ञ आवडत नाही, नाहीतर मी तो केला असता, भग्न हृदय हाच देवाला यज्ञ. त्याच्याकडे बकऱ्यांची कमी नव्हती, राजाच होता. पण त्या पापाला बकरं चालत नव्हतं. आणि गरिबाचं काय? लेवीयच्या पाचव्या अध्यायात लिहिलंय, कोकरू परवडत नसेल तर दोन पारवे, तेही परवडत नसतील तर एफाचा (हे धान्याचं माप) दहावा भाग सपीठ आणावं, तेल नाही, ऊद नाही. मूठभर पिठावर पापक्षमा! मी हे वाक्य इतकी वर्षं वाचून नुसतं ओलांडून गेलो होतो.

त्यांची आजी प्रायश्चित्ताच्या दिवसाला 'दरफाळणीचा सण' म्हणायची. दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे, दिवसभर उपास, पाहुणारावळा नाही, बाहेर जाणं नाही. कोकणात शेकडो वर्षं जवळ याजक नव्हते, यरुशलेमचं मंदिर तर इ. स. ७० मध्येच रोमनांनी पाडलेलं. बकरा कुठला आणि वेदी कुठली? तरी आजी संध्याकाळी दार उघडायची ती हलकी होऊन. त्या दिवशी दुपारी सभास्थानात योनाचं पुस्तक वाचतात, असं त्यांनी सांगितलं. त्यातले निनवे या परक्या शहराचे लोक ना सुंतेचे, ना मोशेच्या नियमाचे. पश्चात्ताप केला आणि वाचले. होशेयच्या सहाव्या अध्यायातलं 'मला यज्ञ नको, दया हवी' हेही त्यांना तोंडपाठ होतं.

आता ज्यासाठी हे पत्र मुख्यतः लिहायला घेतलं ते सांगतो. विश्वास या शब्दाला इब्रीत, म्हणजे यहुद्यांच्या हिब्रू भाषेत, काय म्हणतात, असं मी त्यांना विचारलं. म्हणाले, "एमुना. तुमचं आमेन त्याच घरातलं. आणि आपलं इमानसुद्धा." इमान मराठीत आलं अरबी-फारसीतून, आणि अरबी ही इब्रीची बहीण. धातू एकच. मग त्यांनी निर्गमच्या १७ व्या अध्यायातली गोष्ट काढली. अमालेक या शत्रू टोळीशी लढाई चाललीय, मोशे टेकडीवर हात वर करून उभा. हात दुखून खाली आले की इस्राएल मागं हटतं. मग त्याचे साथी अहरोन आणि हूर त्याला धोंड्यावर बसवतात आणि दोन्हीकडून हात धरून ठेवतात, आणि सूर्य मावळेपर्यंत त्याचे हात स्थिर राहतात. तिथं 'स्थिर' या अर्थी इब्रीत एमुनाच आहे. म्हणजे एमुना नुसतं मनातल्या मनात 'मला पटलं' म्हणणं नव्हे. हात दुखले तरी खाली न येणं, आणि दुसऱ्यानं धरले तरी चालतात. 'नीतिमान आपल्या विश्वासाने वाचेल' या हबक्कूकाच्या वचनात हाच शब्द आहे, जे वचन पौल पुढं आपल्या पत्रात घेतो.

आणि त्या उत्पत्तीच्या ओळीत 'गणलं' म्हणून जे आहे, तो इब्री शब्द आपल्या 'हिशेबा'चा नातेवाईक. हिशेबही अरबीतून आलेला, धातू तोच. मी त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिलो. अब्राहामाच्या त्या एका ओळीत इमान आणि हिशेब शेजारी-शेजारी बसलेत! हे दोन शब्द आमच्या दुकानात दिवसातून शंभर वेळा निघायचे. मालक दिवाणजी ठेवताना बघतात तरी काय? हिशेब येतो का, आणि इमानी आहे का. माझं पवित्र शास्त्र २०१९ च्या पुरात भिजलं, पानं हळदीसारखी पिवळी पडली, पण त्या ओळीखालची पेन्सिलीची रेघ अजून दिसते.

याचा अर्थ यहुदी आणि ख्रिस्ती एकच सांगतात, असं मला म्हणायचं नाही. नाही सांगत. आम्ही म्हणतो, ती क्षमा ख्रिस्ताच्या मरणावर दिलेली होती, बैलांच्या आणि बकऱ्यांच्या रक्ताने पाप जात नाही. ते म्हणतात, पश्चात्ताप करणाऱ्याला देव आपल्या कराराला जागून क्षमा करतो, त्याला पुढच्या पट्टीची गरज नाही. शिवाय जुन्या करारात तारण म्हणजे बहुतेक वेळा मेल्यानंतरचं काही नसतंच. समुद्रातून, शत्रूपासून, दुखण्यातून सुटका, असं रोकडं असतं. मेलेले उठतील हे दानीएलाच्या १२ व्या अध्यायात स्पष्ट येतं, आणि येशूच्या काळातही सदूकी पंथाचे यहुदी ते मानत नव्हते, परुशी मानत होते. हा मतभेद मोठा आहे आणि मी आमच्याच बाजूचा आहे. रेल्वेतल्या त्या गृहस्थांशी यावर मी दोन-तीन वर्षं वाद घातला, ते मुलांकडं इस्राएलला जाईपर्यंत. पण आधीचे यहुदी कर्मकांडावर तारण विकत घेत होते, हे ना त्यांच्या शास्त्रात आहे, ना आमच्या.

हे लेखकांना एकट्यालाच म्हणत नाही. हीच चूक मी स्वतः वर्गात केली आहे. 'यहुदी लोक नियम पाळून स्वर्गात जायला बघायचे आणि पडायचे' असं मुलांना सांगताना फळ्यावर शिडीचं चित्रही काढायचो. एकदा सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, मग अब्राहाम पडला का?" लाजर नावाच्या भिकाऱ्याच्या दृष्टान्तात येशूनंच त्या गरिबाला अब्राहामाच्या उराशी नेऊन ठेवलंय, हे तिलाच आधी आठवलं, मला नाही. मी फळा पुसला.

तेव्हा विनंती एवढीच की सुंतेबद्दलचं ते वाक्य येत्या रविवारच्या अंकात दुरुस्त करून छापावं: उत्पत्तीचा १५ वा अध्याय आधी, १७ वा नंतर. आणि लेखात 'इब्रू लोकांस पत्र' छापलंय, ते 'इब्री' असं हवं.

आपला,
एक निवृत्त दिवाणजी,
सांगली