कृष्णविवरं दोनच प्रकारची नसतात

संपादक साहेब,
नमस्कार. रविवारच्या पुरवणीत कृष्णविवरांवरचं पान वाचलं, चित्रं मस्त होती, पण त्यात लिहिलंय की कृष्णविवरं दोनच प्रकारची, एक मेलेल्या ताऱ्यांची छोटी आणि दुसरी आकाशगंगांच्या मधोमध बसलेली अवाढव्य, आणि हे वाचून काही राहवलं नाही म्हणून लिहितेय. शंभर ते साधारण लाखभर सूर्यांच्या वजनाची मधली कृष्णविवरं कुठे गेली? आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरचं चाळीस लाख सूर्यांचं धूड कसं वाढलं हे समजायचं तर हीच मधली पायरी शोधावी लागते.

मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, आता रिटायर. दोन वर्षांआधी मार्चमध्ये काही जुन्या विद्यार्थ्यांसोबत पेंचला सिल्लारीला गेले होते, 2024 मध्ये पेंच देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेली जागा, झालं ना, तिथेच. सप्तर्षीच्या बाजूला टेलिस्कोप लावून एम 82 ही आकाशगंगा दाखवली. एक पोरगी डोळा लावून म्हणाली, "मॅडम, हे तर नुसतं राखेचं बोट फिरवल्यासारखं दिसून राहिलं." खरंच तसंच दिसतं, करड्या रंगाची बारीक रेघ, प्रकाश निघून एक कोटी वीस लाख वर्षं झालेली.

पण कृष्णविवरात पडणारा वायू तापून एक्स-रे सोडतो, आणि त्याच रेघेत एक्स-रेचे दोन प्रखर ठिपके आहेत आणि ते सिल्लारीहून काय, हिमालयातूनही दिसणार नाहीत, कारण आपली हवा एक्स-रे खाली येऊच देत नाही, म्हणून दुर्बीण वर अवकाशातच पाठवावी लागते. तिचा आरसाही वेगळा. एक्स-रे सरळ आरशावर आदळला तर परत फिरत नाही, आत घुसून विरतो, अंबाझरी तलावात दगड सरळ टाकला तर बुडतो पण चपटा दगड आडवा फेकला तर टप्पे घेत जातो तसं याचं आहे, म्हणून आरसे जवळपास उभेच ठेवतात, नळकांड्यात नळकांडं घातल्यासारखे. आपल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरची सॉफ्ट एक्स-रे दुर्बीण मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चने अशीच बनवली, सोन्याचा मुलामा दिलेल्या आरशांची.

आता खरी गंमत. 2014 मध्ये त्या दोनपैकी एका ठिपक्याच्या एक्स-रेची लय मोजून काही शास्त्रज्ञांनी वजन काढलं, साधारण 400 सूर्य, म्हणजे अगदी मधलं. आणि त्याच वर्षी शेजारचा ठिपका, जो इतका प्रखर म्हणून कृष्णविवरच वाटत होता, तो न्यूस्टार या अवकाशातल्या एक्स-रे दुर्बिणीने बघितला तर दर 1.37 सेकंदाला धडधडणारा न्यूट्रॉन तारा, म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा छोटासा घट्ट गोळा, निघाला! म्हणजे नुसत्या प्रकाशावरून वजन सांगता येत नाही. एचएलएक्स-1 नावाचा एक्स-रेचा आणखी एक स्रोत 2009 मध्ये जाहीर झाला, त्याचं वजन साधारण वीस हजार सूर्यांच्या घरात धरतात आणि मधल्या वजनासाठी तो भक्कम उमेदवारांपैकी एक मानला जातो. अशा गोष्टी वर्षानुवर्षं लक्ष ठेवून कळतात. चंद्रा ही अवकाशातली एक्स-रे दुर्बीण 1999 पासून हेच करतेय आणि ते नाव सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचं, म्हणजे ज्यांच्या नावाने आपलं गांधीसागरजवळचं रमण विज्ञान केंद्र आहे त्या सी. व्ही. रामन यांच्या पुतण्याचं. रामन स्वतः काही काळ सरकारी नोकरीत नागपूरला होते. आपल्या पोरांना हे कोणी सांगतच नाही हो, जीव तुटतो.

तर विनंती एवढीच, की ती दोन प्रकारांची चूक पुढच्या रविवारी दुरुस्त करा आणि मधल्या कृष्णविवरांवर अर्धं पान तरी द्या. ॲस्ट्रोसॅटची निरीक्षणं कोणालाही मोफत मिळतात, ती कुठून घ्यायची तेही छापा म्हणजे इथल्या बीएस्सीच्या मुलांना प्रोजेक्ट करता येईल. मार्चमध्ये एम 82 संध्याकाळी चांगली वर येते, त्याआधी छापलंत तर मी कात्रण घेऊन पोरांना पुन्हा सिल्लारीला नेते.

आपली,
एक वाचक, धरमपेठ, नागपूर