रिकाम्या परतीचे डिझेल कोणाच्या खात्यात?

महोदय,

बुटीबोरी, हिंगण्याच्या कारखान्यांत वाहतूकदार निवडताना भाड्यासोबत कार्बन उत्सर्जनाचेही गुण द्यायचे, तर निवड करणाऱ्या कमिटीने आधी उत्सर्जनाचा आकडा नीट मागावा.

समजा, २० टन मालाची ८०० किलोमीटरची खेप आहे. भरलेला ट्रक लिटरला ४ किलोमीटर धावला तर २०० लिटर डिझेल जळते. लिटरमागे सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड धरला की ५३६ किलो, म्हणजे टन-किलोमीटरला (एक टन माल एक किलोमीटर नेण्याला) ३३.५ ग्रॅम. कोटेशनवर हाच आकडा झळकतो. पण परतीचा माल मिळाला नाही आणि ट्रक ५ च्या ॲव्हरेजने रिकामा आला, तर आणखी १६० लिटर; आकडा थेट ६० ग्रॅमवर! वाहतुकीच्या उत्सर्जनाचा हिशेब कसा करावा हे सांगणारे २०२३ चे आयएसओ १४०८३ हे आंतरराष्ट्रीय मानकही रिकामी धाव हिशेबात धरते. तेव्हा नागपूरजवळच्या वाडीच्या ट्रान्सपोर्टरकडून परतीच्या बिल्ट्या (माल पाठवल्याच्या पावत्या) आणि डिझेलची बिले मागा. हिरव्या पानांची चित्रे छापलेली माहितीपत्रके नकोत.

मग गुण. साहेब आधी बोलले की बाकीचे माना डोलावतात, म्हणून कोणता निकष किती महत्त्वाचा याची चिठ्ठी प्रत्येकाने चर्चेआधीच लिहून द्यावी. खरी गफलत पुढे, सरासरीत होते. दोन-दोन निकषांची तुलना करणाऱ्या एएचपी पद्धतीत खरेदीवाला म्हणतो, भाडे कार्बनच्या ४ पट महत्त्वाचे. पर्यावरणवाला नेमके उलट म्हणतो, म्हणजे त्याच्या लेखी भाडे १/४. साधी सरासरी २.१२५ येते आणि भाडे जिंकते. प्रश्न उलटा विचारा, कार्बन भाड्याच्या किती पट, की त्याच सरासरीने कार्बन जिंकतो! इथे भूमितीय मध्यच हवा: ४ गुणिले १/४, त्याचे वर्गमूळ १, दोघे बरोबरीत. अर्थात मते इतकी टोकाची असतील तर १ लिहून मोकळे होऊ नये. दोघांची कारणे ऐकून चिठ्ठ्या पुन्हा भराव्यात.

एक्सेलचा तक्ताही तपासा. ५०,०००, ५०,५०० आणि ५१,००० रुपये अशी भाडी आली की सर्वांत स्वस्ताला १०० आणि सर्वांत महागाला ० देणारे सूत्र सर्रास वापरतात. हजार रुपयांसाठी शंभर गुणांची दरी पडते आणि कार्बनचा रकाना नावापुरता उरतो. त्याऐवजी सर्वांत कमी भाड्याला त्या-त्या भाड्याने भागून शंभराने गुणा. ५१,००० वाल्याला ९८ मिळतील.

– एक वाचक, नागपूर