गणपतीला येताना सकाळचं तिकीट काढ

चि. रूपास अनेक आशीर्वाद.

काल तुझा मेसेज आला. गणपतीला येतेस, तिकीट काढलंस, हे ऐकून आजीनं देवापुढं साखर ठेवली. मग मी खाली वेळ बघितली. संध्याकाळचं विमान. फोन केला असता तर तू म्हणाली असतीस, "बाबा, परत तेच," आणि माझाही आवाज चढला असता. म्हणून लिहायला बसलोय. शेवटपर्यंत वाच, मग काय ते बोल.

जुलैतलं काढणार नव्हतो. पण त्याशिवाय पुढचं सांगता येत नाही. त्या रात्री मी सांबऱ्याला, आपल्या बेळगावच्या विमानतळाच्या गेटबाहेर उभा होतो. पाऊस फार नव्हता, ढग मात्र पार खाली आलेले. विमानाचा आवाज डोक्यावरनं जायचा, फिरून यायचा, दिवा काही दिसायचा नाही. मग आवाज लांब गेला आणि थोड्या वेळानं आतनं कळलं, हुबळीला उतरवलंय. त्याचं मला काही वाटलं नाही, खरंच सांगतो. धावपट्टी दिसत नाही म्हणून ज्यानं विमान खाली आणलं नाही, त्या पायलटचे पाय धरावेत. माझ्या पोटात गोळा आला तो तुझ्या फोननं. "बस यायला वेळ आहे म्हणतात, आम्ही चौघांनी टॅक्सी केलीय." चौघं म्हणजे तू आणि तीन परकी माणसं. धारवाड सोडल्यावर तुझा फोन लागेना. कित्तूर आलं असेल, आता हिरेबागेवाडीचा टोल आला असेल, असं मी मनातल्या मनात तुझ्याबरोबर येत होतो.

तो हुबळी-धारवाडचा बायपास मला ठाऊक आहे गं. २०२१ च्या जानेवारीत तिथंच इटिगट्टीजवळ दावणगेऱ्याच्या त्या मैत्रिणी अपघातात गेल्या, गोव्याला निघालेल्या. तेव्हा रस्ता दोनच पदरी होता. नंतर रुंद करायला घेतला, पण अर्धवट कामाचा रस्ता रात्री आणखी वाईट. आमच्या फौंड्रीतला माल ह्याच रस्त्यानं जातो, ड्रायव्हर लोक येऊन सांगतात ते मी रोज ऐकतो.

तू म्हणशील, ती माणसं चांगली होती. असतील. तुला घरापर्यंत सोडून गेली, मी त्यांना चहाला थांबा म्हटलं, तेही खरं. पण चांगली आहेत हे गाडीतनं उतरल्यावर कळलं ना? बसताना कळलं नव्हतं.

बघ, परत तेच सुरू झालं. राग मानू नकोस. तू नोकरी करतेस, बेंगलोरला एकटी राहतेस, ऑफिसात कन्नड बोलून कामं करून घेतेस. आईला तू विमानानं नेलंस तेव्हा आत्तीनं अख्ख्या गल्लीला सांगितलं होतं. आईच्या बॅगेतल्या खोबऱ्याच्या वाट्या काढायला लावल्या, सुक्या खोबऱ्यात तेल असतं म्हणून ते सामानात चालत नाही, हे तिथल्या माणसाशी बोलून तू आईला समजावलंस. ती अजून ते सांगते. वाट्यांचं दुःख नाही तिला, तू कशी बोललीस ते सांगते.

आपल्या मुतग्याच्या माणसाला विमान नवीन नाही. गावाशेजारची ती सांबऱ्याची धावपट्टी १९४२ सालची, इंग्रजांच्या वेळची. आप्पा सांगायचे, १९६१ च्या डिसेंबरात गोवा घेतला तेव्हा सांबऱ्याहून हंटर विमानं बांबोळीचं बिनतारी केंद्र उडवायला गेली. आप्पा तेव्हा शेतात होते, बैल बिथरून बांधावरनं पळाले, ते दुपारपर्यंत हुडकत होते. मी लहान असताना सायकलवर कुंपणापाशी जाऊन एअरफोर्सची पोरं कवायत करताना बघायचो. आत जाता येईल असं कधी मनात आलं नाही. २०१७ च्या सप्टेंबरात नवी इमारत उघडली, पुढच्याच वर्षी विमानं हुबळीला गेली, २०१९ ला सरकारच्या स्वस्त विमानप्रवासाच्या उडान योजनेत बेळगावचं नाव आलं तेव्हा परत आली. आणि त्या दारातनं आमच्या घरचं पहिलं माणूस आत गेलं ते तू. आप्पा असायला पाहिजे होते.

तर आता नीट ऐक. पावसाळा संपेपर्यंत सकाळचं किंवा दुपारचं विमान घे. विमान हुबळीला वळलंच तर हातात उजेड असतो. संध्याकाळचंच मिळालं आणि परत तसं झालं, तर काउंटर सोडायचं नाही. हवामानामुळं विमान रद्द झालं तर नुकसानभरपाई देत नाहीत, पण दुसरं विमान किंवा पैसे परत मागायचा तुझा हक्क आहे. उशीर असला तर खाणंपिणं माग. पुढं पोचवायची बस कधी येणार ते विचार आणि बसमधनंच ये, सगळ्यांबरोबर. तेही नाही जमलं तर हुबळीचा विमानतळ गोकुळ रोडवरच आहे, नवीन बसस्टँड त्याच रस्त्याला. बेळगावची सरकारी बस मिळते, शक्ती योजनेत तुला तिकीटही पडत नाही. आणि काहीच नसलं तर तिथंच आत बसून राहा. मी सुनीलची गाडी घेऊन येतो. शंभर किलोमीटर आहे. सेकंड शिफ्ट असली तरी सुपरवायझरला सांगून निघेन.

नाहीतर वंदे भारतनंच ये ना. दुपारी बेंगलोरहून सुटते, रात्री झोपायच्या आत बेळगावला. स्टेशनवर मी असेन. विमान नको असं म्हणत नाही. तू विमानानं येतेस ह्याचं मला कौतुकच आहे. फक्त उतरल्यावर परक्याच्या गाडीत रात्री बसू नकोस. कितीही चांगली माणसं असू देत.

तिकीट बदलायला जे जास्तीचे पैसे पडतील ते मी पाठवतो, नको म्हणू नकोस. आजीचे गुडघे तसेच आहेत, डॉक्टरांचं नाव काढलं की झोपल्याचं सोंग घेते, तू आलीस की तूच ने. दादाचा विषय आल्यावर बोलू. आणि एक, त्या रात्री तू बसनं आलीस असं मी आईला सांगितलंय. येशील तेव्हा तेवढं ध्यानात ठेव.

तुझा,
बाबा